बंद न करता येणारा खेळ

साठ साल उजाडायच्या आसपास हायडेलबर्गला मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो, म्हणजे मुख्यतः बाटल्या धुत होतो. एका दुपारी विद्यापीठाच्या हॉकी संघाचा कप्तान प्रयोगशाळेत आला. खेळांचा पैसा आटला होता. वल्हेवाल्यांना जुने श्रीमंत वल्हेवाले पोसत. हॉकीला कोणी वाली नव्हता. पुढच्या सामन्याला गर्दी झाली नाही तर हॉकी बंद, असं क्रीडा कचेरीनं त्याला बजावलं होतं.

"तू भारतीय आहेस ना? मग खेळ!"

"अरे बाबा, मी साताऱ्याचा. खो-खो खेळलोय. हॉकीची काठी कधी हातातसुद्धा धरलेली नाही."

तो हसला. पूर्वेकडची नम्रता म्हणे! दुसऱ्या दिवशी गावभर भित्तिपत्रकं: भारतीय जादूगार येतोय. घ्या!

गर्दी लोटली. मी जीव खाऊन पळालो, हुलकावण्या दिल्या, सगळ्यांना चुकवलं; चेंडूलासुद्धा. आम्ही सपाटून हरलो, पण लोक पोट धरून हसले आणि गल्ला भरला. कप्तान मला मिठी मारून नाचला.

मग कचेरीनं अक्कल पाजळली. हॉकी एवढं कमावते, तर तिला अनुदान कशाला? ते गेलं. माझी तीच फजिती पुन्हा बघायला कोण पैसे मोजणार? वर्ष संपायच्या आत हॉकी बंद. काठ्या गेल्या, मैदान गेलं. युद्धात कप्तानाच्या घरचं कोणी उरलं नव्हतं. संघातले टोणगे हेच त्याचं घर. त्याचं तोंड बघवेना. मला भयंकर वाईट वाटलं.

"तुझ्या त्या खो-खोला काय काय लागतं?" त्यानं एकदा विचारलं.

"दोन खांब. नाहीतर दोन झाडं. आणि उकिडवं बसायची तयारी."

नदीकाठच्या कुरणात ते सगळे टोणगे बसायला शिकले. गुडघ्यांच्या नावानं शिव्या देत, पण शिकले. एका रविवारी कचेरीतले साहेब हॅट सांभाळत उगवले.

"ह्याला खर्च किती?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काठ्या? चेंडू? भाडं?"

"अहो, काहीच नाही!"

साहेब गोंधळले. "आल्झो, म्हणजे असं बघा, खर्चच नसेल तर कचेरीच्या लेखी हा खेळच नाही. मंजूर करता येणार नाही."

"म्हणजे बंद?" कप्तानाचा आवाज फाटला.

"जे मंजूरच नाही, ते बंद कसं करणार?"

कप्तानानं त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग तो चिखलात, रांगेत जाऊन उकिडवा बसला. मी धावत जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली, "खो!" तो रडत रडतच पळाला.