सर्व कृत्यांचा त्याग

काल चर्चमध्ये शेजारच्या बाळाच्या टाळूला लावलेल्या पवित्र तेलाचा गोडसर वास आला आणि गोरेगावच्या आमच्या गावठाणातला पुतणीचा बाप्तिस्मा आठवला. धाकट्या भावाने स्वयंपाकघर माझ्या अंगणात तीन फूट पुढे काढलं होतं, म्हणून आम्ही चार वर्षं बोलत नव्हतो. तरी लेकीचा धर्मपिता म्हणून त्याने निरोप धाडून मलाच बोलावलं. मी गेलो, पण त्याच्याकडे न बघता उभा राहिलो. मेणबत्त्यांची धग लागत होती, दगडी कुंडातलं पाणी मात्र गार होतं. तान्ह्या बाळाच्या वतीने श्रद्धेची कबुली आई-बापाबरोबर धर्मपित्यानेही द्यायची असते. फादरनी मला विचारलं, "सैतानाचा त्याग करता का?" मी ठणकावून म्हणालो, "होय." "त्याच्या सर्व कृत्यांचा?" लाद्यांच्या धंद्यात भाव पाडून पाडून तयार झालेली माझी जीभ बोलून गेली, "सर्व?" मागे खसखस पिकली. भाऊ पुटपुटला, "दादा, इथे पण घासाघीस करतोस काय रे?" चार वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य! माझं डोकं तापलं, पण फादर शांतपणे म्हणाले, "सर्वच. यात कमी होत नाही. तारण मात्र फुकट मिळतं." पोर माझ्या हातावर निवांत झोपली होती. मी म्हणालो, "होय." भावाने अंगण अजून सोडलेलं नाही, माझा रागही गेलेला नाही, पण ती पोर रविवारी दारात येऊन हाक मारते, तेव्हा तिच्यासाठी म्हटलेलं 'होय' मी स्वतःसाठीही म्हणून बघतो.