तेहतीस वर्षांचे आबा

वयाचा इतका अपमान अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला नसेल, जितका आमच्या आबांनी केलाय. आणि तो कुठे करावा? माझ्या पहिल्यावहिल्या ख्रिस्ती युवा अधिवेशनात, भरल्या मंडपात, माझ्या शेजारी बसून. आजही आठवलं की माझ्या कानशिलांना झळ लागते. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. आधारकार्डावर तेव्हा सहासष्ट वर्षांचे. पण आधारकार्डाला विचारतो कोण? आबांचा बाप्तिस्मा झाला तो वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. नवा जन्म झाला म्हणजे आधीचं सगळं पुसलं गेलं, असा त्यांचा सरळ हिशेब. "मी बाप्तिस्मा लिधा, तवयपाईन मन्हं वय मोजा," हे वाक्य त्यांनी तलाठ्यापासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय. माझे वडील त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, पण त्यांचा बाप्तिस्मा पाळण्यात झालेला. त्यामुळे पांढऱ्या मिशांचे आबा माझ्या वडिलांना चारचौघांत "दादा" म्हणतात आणि त्यांच्यासमोर खाटेवर बसत नाहीत. मी कोण? तर धाकटी बहीण. सांगायलासुद्धा लाज वाटते हो.

आमची बोरफळी रनाळ्याच्या पुढे आडबाजूला. ख्रिस्ती घरं आठ. पत्र्याची एक खोली, तेच आमचं मंदिर. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार आबांच्या ताब्यात. निंबाला टांगलेल्या नांगराच्या लोखंडी तव्यावर ठोके देऊन ते घंटा वाजवतात आणि उपासनेआधी शाळेसारखी हजेरी घेतात. घराघराची, माणसामाणसाची. गावातली सात तरणी पोरं कामाला सुरतेला गेली, त्यात आबांचा मुलगाही आहे. तरी त्यांची नावं दर रविवारी घेतली जातात. नाव घ्यायचं, थोडं थांबायचं आणि आपणच उत्तर द्यायचं, "सुरतले शे," म्हणजे सुरतेला आहे. सात वेळा. तोवर पेटीवर बसलेल्या माझ्या बोटांना मुंग्या येतात. मी एकदा म्हटलं, आबा, ते ऐकू येणारेत का तिथे? तर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं गाणं मी चुकीच्या सुरात सुरू केलं.

तर ते अधिवेशन. नवापूरकडे तीन दिवस, जिल्ह्यातल्या सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे गावोगावच्या चर्चची, तरुण मुलंमुली. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, आणि असल्या ठिकाणी कधीच गेलेली नव्हते. नवा ड्रेस शिवून घेतला होता. पलीकडच्या मोठ्या गावातल्या मुलींबरोबर जायचं, त्यांच्याच ओळीत बसायचं, असं मनात पक्कं होतं. सकाळी फाट्यावर येऊन पाहते तो आबा उभे. खताच्या धुतलेल्या गोणीत अंथरूण, हातात नाव कोरलेलं स्टीलचं ताट, कारण अधिवेशनाला ताट-पेला आपापला न्यायचा असतो. मला वाटलं पोचवायला आलेत. तर म्हणाले, मीही येणार, अधिवेशनाला. एसटीत कंडक्टरने पांढऱ्या मिशा बघून अर्धं तिकीट फाडायला घेतलं, तर आबा भडकले. तेहतीस वर्षांच्या गड्याला अर्धं तिकीट देता, सरकारला बुडवता? म्हणजे मी एकोणीस वर्षांची पोरगी महिला म्हणून अर्ध्या तिकिटात, आणि सहासष्ट वर्षांचे आबा पुऱ्या. मी खिडकीबाहेर कापसाकडे बघत राहिले, जणू हा माणूस माझा कोणी नाही.

खरा तमाशा नावनोंदणीच्या टेबलावर झाला. तिथे युवा संघाचा सचिव बसला होता, सडपातळ, चष्मेवाला, वहीवर रेघा आखणारा. तो म्हणाला, मंडळीचे निदान दोन तरुण हवेत. एकच असेल तर शेजारच्या मोठ्या मंडळीत जोडतात आणि शेवटच्या दिवशी मंडपात हजेरी होते, तेव्हा त्या मोठ्या मंडळीचंच नाव पुकारतात. एकदा जोडलं की पुढच्या यादीतही तसंच राहतं. मला काय त्याचं? मला तर हवंच होतं, मुलींबरोबर बसता आलं असतं. पण आबांनी पेन घेतलं, माझ्या नावाखाली आपलं नाव लिहिलं आणि वयाच्या रकान्यात लिहिलं तेहतीस. सचिव म्हणाला, काका, पस्तीसपर्यंतच घेतो. आबा म्हणाले, मग? दोन वर्षं बाकी आहेत. मागे रांग थांबलेली, मुलं हसायला लागलेली, आणि मी ड्रेसच्या ओढणीत तोंड लपवून उभी. शेवटी अधिवेशनाचे मुख्य पाळकसाहेब आले. आबांनी त्यांना हात जोडून शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही मंचवरथून नवा जनम, नवा जनम सांगतस. ते खरं शे का खोटं?" पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दोनशे मुलं उत्तराची वाट बघत होती. मग ते सचिवाला म्हणाले, लिहून घे बाबा.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. संगीत खुर्चीत आबा. पाठांतर स्पर्धेत आबा, आणि तिसरे आले. बक्षीस म्हणून मिळालेली गुलाबी पाण्याची बाटली ते अजून शेतात नेतात. मी मोठ्या गावच्या मुलींच्या ओळीत जाऊन बसले की पाच मिनिटांत मागून आवाज यायचा, "बोरफळीनी जागा आठे शे!" पण कळस झाला तो जीवनसाथीची निवड या विषयावरच्या चर्चेत. मुलं एका बाजूला, मुली एका बाजूला, सगळे लाजून चूर. पाहुण्या बाईंनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय? हात कोणाचा वर? आमचाच. आबा उठले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मन्हं लगीन ते मन्हा जनमना आधीच व्हई गयं." मंडप हसून हसून आडवा झाला. आबांना मात्र त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. मी ठरवलं, गावी गेल्यावर आईला सांगायचं, पुन्हा या माणसाबरोबर मला कुठेही पाठवू नको.

शेवटच्या सकाळी हजेरी. सचिव एकेका मंडळीचं नाव पुकारायचा, ते सगळे उठायचे, आकडा ओरडायचे. चाळीस, बावन्न, सत्तावीस. टाळ्या. सगळ्यात शेवटी त्याने म्हटलं, बोरफळी. आबा असे ताठ उठले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून. "हाजर. दोन." मग हात जोडून बसावं की नाही? नाही. त्यांनी सुरतेच्या सातही पोरांची नावं घ्यायला सुरुवात केली. नाव, थोडं थांबणं, आणि सुरतले शे. मी त्यांचा सदरा मागून ओढत होते. मुलं आधी हसली. तिसऱ्या-चौथ्या नावानंतर हसणं थांबलं, कारण त्या मंडपात असा कोण होता, ज्याच्या घरचं कोणी ऊसतोडीला नाहीतर सुरतेला गेलेलं नाही? सचिव पेन धरून उभा होता. त्याने सातही नावं लिहून घेतली.

परतताना एसटीत मी मनसोक्त भांडले. आबांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं ते एवढंच, की ते चौथीत असताना आईबापाबरोबर लोणखेड्याकडे कामाला गेले, आणि परत आले तर गुरुजींनी पटावरून नाव कमी केलेलं. वर्गात बसले, गुरुजींनी सगळ्यांची नावं घेतली, यांचं घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गेलेच नाहीत. हे सांगून आबा झोपले, माझ्या नव्या ड्रेसवर मान टाकून. माझा राग काही गेला नाही, पण मान तशीच राहू दिली.

पुढची दोन वर्षं असंच. चौतीस, पस्तीस. यंदा मी फाट्यावर उभी राहिले आणि आबा आलेच नाहीत. तणतणत त्यांच्या घरी गेले, तर ओट्यावर बसून मिरच्यांचे देठ खुडत होते. म्हणाले, "छत्तीसावं लागनं. नियम म्हंजे नियम." असा संताप आला सांगू! तीन वर्षं माझी अब्रू मांडवावर टांगली, आणि आता, जेव्हा दुसरं कोणीही नाही, तेव्हा यांना नियम आठवतो. मी म्हटलं, मग जोडतील आपल्याला मोठ्या मंडळीत, जाईल बोरफळीचं नाव, बसा मिरच्या खुडत. ते उठून आत गेले. आतून आपलं ताट आणून माझ्या पिशवीत घातलं.

सचिवाने टेबलावर विचारलं, आबा कुठे? मी सांगितलं, छत्तीस वर्षांचे झाले. तो हसला नाही. माझं एकटीचं नाव लिहून घेतलं, आणि मी मोठ्या मंडळीच्या मुलींमध्ये जाऊन बसले. तीन वर्षांपूर्वी हेच तर हवं होतं. मागून कोणी हाक मारली नाही. जेवताना आबांच्या ताटात जेवले आणि सगळ्यांचा राग येत राहिला, जेवणाचासुद्धा.

शेवटच्या सकाळी सगळ्या मंडळ्या झाल्या. सचिवाने वही मिटली, मग पुन्हा उघडली आणि म्हणाला, बोरफळी. मी उठले. हजर, एक, असं म्हटलं, आणि खाली बसायचं सोडून सात नावं घेतली. आठवं आबांचं घेतलं. घरी आहेत, म्हटलं.

गावी आले तेव्हा आबा मिरच्यांच्या ढिगाजवळच होते. मी सगळं सांगितलं. आबांचं तोंड लाल. एकट्या माणसावर मंडळीचं नाव घेतलं? नियम काय खेळ आहे? सचिवाला पत्र लिहितो, पाळकसाहेबांना सांगतो. मी ताट घासून त्यांच्यासमोर ठेवलं. ते पुन्हा देठ खुडायला लागले. मग मान वर न करता विचारलं,

"जोरमा लिधं का?"

"हो."

"कसं?"

मी कमरेवर हात ठेवले आणि अंगणात उभी राहून, शेजारपाजारी ऐकू जाईल असं, बोरफळी म्हणून ओरडले. आबांनी मिरच्या खाली ठेवल्या. गुडघ्यावर हात देत उठले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिले.

"हाजर," म्हणाले.