सखूबाईंचं अपील

फौजदारी वकिलाला किस्से शोधावे लागत नाहीत. पक्षकार खुर्चीत टेकला की निम्मा किस्सा झालेला असतो. औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात मी सरांची ज्युनिअर आहे, आणि एकट्या सखूबाईंनीच आम्हाला वर्षभर पुरतील एवढे किस्से दिले.

सखूबाई पैठणकडच्या. साठी उलटलेल्या, मेंढ्या राखणाऱ्या. पुतण्या बबन आपल्या बायकोचा, सुनीताचा, गळा आवळत होता. बाईंनी त्याच्या हातावर काठी हाणली, हात मोडला. खालचं कोर्ट म्हणालं, सुनीताला वाचवलं हे खरं, पण बळ गरजेपेक्षा जास्त वापरलं. सहा महिने शिक्षा!

पहिल्याच भेटीत सरांनी विचारलं, काठ्या किती मारल्या?

"एक."

"नक्की?"

"व्हय. त्यानं गळा सोडला. मंग दुसरी कशाला मारू?"

सर खुर्चीतून उठलेच. "लिही, लिही! हेच आपलं अपील." मी पेन शोधेपर्यंत त्यांनी निम्मं अपील तोंडी सांगून टाकलं होतं.

*

सेशन्स कोर्टानं अपील दाखल करून घेतलं आणि निकालापर्यंत शिक्षा थांबवून बाईंना जामीन दिला. मी बाईंना बजावलं, आता कुणावर हात उचलायचा नाही, जामीन जाईल.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "बबनलाबी सांगितलं का?"

*

एकदा बबनच ऑफिसात आला. चुलतीनं चारचौघांत माफी मागितली तर तो केस मिटवायला तयार होता. सरांनाही वाटलं, या वयात जेलचा धोका कशाला? त्यांनी बाईंना बोलावून सगळं समजावलं.

"मागते की माफी," बाई म्हणाल्या. "आधी त्यानं सुनीताची मागावी. मी त्याच्या मागं रांगेत हुबी ऱ्हाते."

बबन चहा न पिताच गेला. सर पुढचा अर्धा तास नुसते हसत होते.

*

युक्तिवादाच्या दिवशी सरकारी वकील जोरात होते. म्हणाले, काठी उचलण्याआधी बाईंनी शेजाऱ्यांना हाक मारायला हवी होती.

मागच्या बाकावरून सखूबाई उभ्या! "मारल्या की हाका, साहेब. येक दार उघडलं नाय."

न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. मग सरांकडे वळून विचारलं, हे खालच्या कोर्टातल्या जबाबात आलंय का? आलंय, म्हणत सरांनी पान काढून वाचून दाखवलं. सरकारी वकिलांनी तो मुद्दा तिथंच सोडला.

*

निकालाचा दिवस. सखूबाई निर्दोष! मी आनंदानं त्यांचा हात एवढा दाबला की त्याच म्हणाल्या, "पोरी, मोडशील."

सुनीता अजून बबनच्याच घरात राहायची. दर तारखेला तो तिला मोटारसायकलवर मागं बसवून आणायचा. ती भिंतीकडच्या बाकावर बसायची, कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. त्या दिवशीही तशीच बसली होती.

आम्ही बाईंना गेटबाहेर रिक्षात बसवलं. समोर बबननं मोटारसायकल सुरू केली, मागं न बघताच म्हणाला, "बस."

सुनीता त्याच्या गाडीशेजारून चालत पुढं आली. पदर खोचला आणि रिक्षाच्या पायरीवर पाय ठेवला.

"आत्याबाई, जरा सरका."