यांचा रहिवास कुठला

आमचे हे जंगबारला गेले तेव्हा लग्नाला तीन वर्षं झाली होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका पेढीत लिहिण्याचं काम मिळालं, दोन वर्षांत परत येतो म्हणाले. पाच झाली. हुंडी वेळेवर यायची. पत्र मात्र चार ओळींचं, त्यात माझ्यासाठी एक अक्षर नसायचं.

सासूबाई रोज त्यांचा पाट मांडायच्या, ताट वाढायच्या. परमुलखात गेलेल्याचं पान बंद केलं की त्याची परतीची वाट बंद होते, अशी त्यांची खात्री. आमची जेवणं झाली की ते ताट मी गाईला घालायची. जिवंत माणसाचं पान श्राद्धासारखं गाईला घालणं मला अशुभ वाटायचं. पण बोलायची सोय नव्हती.

त्या साली मिळकतीवरचा कर नव्याने लागू झाला. कल्याणच्या कचेरीतला कारकून पंच घेऊन ऐन जेवणाच्या वेळी ओसरीवर येऊन बसला. मोठे चिरंजीव राहतात कुठे, त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? इथेच. हे काय त्याचं ताट," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

त्याने आत डोकावून पाट-ताट पाहिलं आणि लिहून घेतलं, रहिवास कल्याण. महिन्याभरात नोटीस आली. इथले रहिवासी म्हणून तिकडच्या सगळ्या कमाईवर कर, न भरल्यास घरावर जप्ती. धाकट्या भाऊजींनी कचेरीत खेटे घातले. भाऊ कायमचा तिकडेच राहतो असं त्याच्याच हातचं लिहून आणा, मग नाव काढू, एवढंच उत्तर मिळालं.

"असलं अभद्र मी मागवायची नाही," सासूबाई म्हणाल्या.

मला राग आला. घरच गेलं तर हे परत येऊन उतरणार कुठे? "भाऊजी, तुम्ही पत्र घाला," मी म्हणाले. "नुसता कागद तर आहे. खोटं लिहायला त्यांचं काय जातंय?" मी मोठी शहाणी! पत्र गेलं आणि मी टपालाची वाट बघायला लागले.

चार महिन्यांनी कागद आला. भाऊजींनी मनातल्या मनात वाचला आणि घडी घालून उठले.

"वाचा," मी म्हणाले.

"कशाला वहिनी? काम झालं."

"वाचा म्हणते ना."

मान खाली घालून त्यांनी वाचलं. मी येथे चार वर्षांपासून सहकुटुंब, दोन मुलांसह राहत असून कल्याणास परत येण्याचा माझा विचार नाही. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. खोटं इतकं तपशीलवार कोण लिहितं?

कर सुटला. आठवड्याने कारकून नोंद दुरुस्त करायला घरी आला. यांच्या नावावर त्याने रेघ मारली, कागद पुन्हा वाचला आणि दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

"कुटुंब तर तिकडे आहे. मग या बाई कोण?"

 मीच पुढे झाले.

"मी इथलीच," मी म्हणाले. "माझा रहिवास इथेच लिहा."