हाफिजाच्या गाड्यावरचा नखाएवढा पेरू

अंबाजोगाईच्या बाजारात हाफिजाचा फळांचा गाडा आहे. मी शाळेत मास्तर होतो, सातवीपर्यंत ती माझ्या वर्गात होती. आपली चूक झाली की कुणी न विचारता हात वर करणारी, माझ्या सगळ्या नोकरीतली ती एकटीच.

तिच्या गाड्यावरून लेकरू रिकाम्या हातानं जात नाही. तोलून झालं की वर एखादं फळ ती देतेच. माझ्या शेजारची लहानगी संस्कृती आपला गिनीपिग टोपलीत घालून गाड्यावर गेली, तेव्हा मी केळी घेत होतो.

"शेपूट न्हाई काय न्हाई. उंदीर हाय का ससा?" हाफिजानं विचारलं.

"मावशी, बुट्टू हाय त्यो!"

"मग बुट्टूला उपाशी कावून धाडायचं?" तिनं पिकलेलं सीताफळ फोडलं, बिया काढल्या आणि अर्धं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं ते चाटूनपुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी संस्कृती रडतच गाड्यावर आली. बुट्टूला जुलाब लागले होते. सकाळपासून त्यानं गवताला तोंड लावलं नव्हतं. त्या दिवशी आठवडी बाजार होता. हाफिजानं भर गर्दीत गाड्यावर ताडपत्री ओढली आणि रिक्षा थांबवली. बाजाराला आलेला मीही बसलो.

"काय खाऊ घातलं?" जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं. संस्कृतीनं मान खाली घातली. हाफिजानं हात वर केला.

"मी दिलं, साहेब. अर्धं सीताफळ. पोरीची चूक न्हाई."

डॉक्टरांनी औषध दिलं. याचं पोट गवतावर चालतं, म्हणाले. फळ आठवड्यातून एकदा-दोनदा, तेही नखाएवढं, धुऊन, बिया काढून.

दोन दिवस हाफिजा गाडा आवरून आमच्या गल्लीत येत राहिली. तिसऱ्या दिवशी संस्कृतीच्या उंबऱ्यातून हाफिजाची हाक आली, "सर, खातोय! गवत खातोय!"

आता गाड्याला वाळलेल्या मऊ गवताच्या पेंढ्या टांगलेल्या असतात. सोमवारी बुट्टूला पेरूचा तुकडा मिळतो, हाफिजाच्या करंगळीच्या नखाशी मापलेला. परवा एक आप्पा नातवाच्या गिनीपिगसाठी किलोभर द्राक्षं मागू लागले.

"द्राक्षं तुमी खा, आप्पा. त्येला ही पेंढी न्या, फुकट."

"धंदा करती का शाळा भरविती गं?"

"शाळाच. ह्ये माझे सर हायती, इचारा."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी केळ्यांची पिशवी खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि म्हणालो, "ती सांगते तेच बरोबर आहे."