उंडीची मुळं

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींवरचा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायचा माझा विचारही नाही.

माझं माहेर उलव्याकडचं. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा आमच्या दारातली उंडीही तोडली. तिच्या बियांचं तेल पूर्वी होड्यांना लावत. निघताना आईने झाडाखालच्या मूठभर बिया वेचल्या आणि माझ्या नेरूळच्या फ्लॅटवर आणून दिल्या. "कुंडीत नाय जगाचा हा. खोल जागा पायजे," एवढंच म्हणाली.

मी प्लंबरकडून जाड पाइपाचे अडीच फुटी तुकडे आणले, उभे चिरून घेतले आणि तारेने पुन्हा बांधले. खाली जाळी, आत माती. टणक कवच हलकेच फोडून एकेक बी पेरली. लावताना फक्त तार सोडायची, पाइप उघडायचा, की मूळ सरळच्या सरळ जमिनीत जातं. चार रोपं जगली. दोन वर्षं मी त्यांच्यापायी एकही सुट्टी घराबाहेर काढली नाही.

पर्यावरण दिनासाठी सेक्रेटरींनी रोपं मागितली. तीन दिली. चौथं किरटं होतं, ते गॅलरीतच ठेवलं. बजावून सांगितलं, "मागच्या भिंतीकडे खरी जमीन आहे, तिथेच लावायची. मी ऑफिसातून आल्याशिवाय हात लावू नका."

आले तर तिन्ही रोपं पोडियमवर! खाली पार्किंगचा स्लॅब, वर जेमतेम फूटभर माती. बाजूला माझे उघडे पाइप आणि हातभर लांब कापलेली मुळं, अजून ओली. माळी मान खाली घालून म्हणाला, "सायब बोलले, खड्ड्यात बसत नाय तर काप." ग्रुपवर फोटो कधीच येऊन पडले होते. मागच्या भिंतीकडे म्हणे फोटो चांगले आले नसते.

तळपायाची आग मस्तकात गेली. सेक्रेटरी हसत म्हणाले, "मॅडम, किती टेन्शन घेता! फुटतील परत."

"तुमचे पाय कापले तर फुटतील का परत?" मी सगळ्यांसमोर ओरडले. 

पंधरा दिवसांत तिन्ही वाळली. मग हे गृहस्थ माझ्या दारात. "गॅलरीत अजून एक आहे ना? तिकडे रिकामं दिसतं." मी त्यांच्या तोंडावर दार आपटलं.

आता त्या चौथ्याचं मूळ जाळीतून बाहेर येऊन फरशीला टेकलंय. सोसायटीला ते देणार नाही, म्हणून माहेरच्या एकेकाला फोन लावले. भाऊ फ्लॅटमध्ये, मामा फ्लॅटमध्ये. शेवटी चुलतभावाला विचारलं. या शहराखाली त्याची भातशेती गेली आहे.

"अगो, आमचेकरं पार्किंग हाय," तो म्हणाला. "जमीन कुठं हाय?"

सेक्रेटरींवर ओरडले होते तशी त्याच्यावर ओरडणार होते. पण जमीन तर त्याचीच गेली होती. फोन कानाला तसाच धरून मी गॅलरीत उभी राहिले.