भरलेला माठ

मला मुतखडा झाला आणि अख्ख्या आळीला वैद्यकी सुचली. एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. सासूबाई रोज कुळथाचं कढण पुढ्यात ठेवायच्या, शेजारीण पानफुटीची पानं चावायला लावायची, यजमानांनी टोमॅटो घरात आणायचेच बंद केले. कळ काही थांबेना. भर वर्गात ती उठली की मी फळ्याला टेकून उभी राहायची आणि पोरींना पाढे म्हणायला सांगायची.

शेवटी यजमानांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडातून रक्त काढलं, बारीक काचेच्या नळीत उभं करून ठेवलं आणि घड्याळ बघत बसले. लाल भाग फार भरभर तळाशी बसतोय, म्हणाले, म्हणजे आत सूज आहे. शिवाय रक्त फिकं, अंगाला पोषण नाही. आणखी एक खडा अडकला तर मूत्रपिंड हातचं जाईल. मग विचारलं, दिवसाकाठी पाणी किती पिता? सकाळी एक फुलपात्र, मी म्हटलं, आणि मग संध्याकाळी घरी आल्यावर. ते खेकसलेच, "शिकलेल्या बाई तुम्ही, पाणी प्यायला काय धाड भरलीय?"

काय सांगणार, कपाळ! मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळा भाड्याच्या माडीवर. हेडमास्तर आणि दोघे मास्तर मागच्या भिंतीकडे जाऊन यायचे. बाईमाणसाला साधा आडोसा नव्हता, आणि माझं घर नदीपलीकडे, पंचवटीत. म्हणून मी दिवसभर घसा कोरडा ठेवायची. जेवणही बेताचंच, कारण जेवलं की तहान लागते. हे सगळं ओठांवर आलं होतं, पण यजमान शेजारी, डॉक्टर समोर, कंपाउंडर दाराशी. पिईन उद्यापासून, म्हटलं आणि उठले.

यजमानांनी हेडमास्तरांना गाठून एवढंच सांगितलं की हिला भरपूर पाणी प्यायला हवं. हेडमास्तर माणूस भला. दुसऱ्याच दिवशी माझ्या खुर्चीशेजारी तिवईवर नवाकोरा माठ, वर झाकण, झाकणावर पितळी पेला. आता संकोच करायचा नाही, असं मला वर बजावलंही. असा संताप आला, वाटलं, तो माठ यांच्याच पायावर सोडावा.

मी त्यांना बाजूला घेतलं आणि पदर सावरत, अडखळत अडचण सांगितली. त्यांचे कान लाल झाले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इतक्या मुली आहेत, त्यांची तर कधी तक्रार नाही."

मी वर्गात आले. पोरींना विचारलं, सकाळपासून पाणी कोण कोण प्यायलं? एकीचाही हात वर झाला नाही. पुढच्या ओळीतली एवढीशी चिमुरडी, ओठ सुकलेले, माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली. तिच्या त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. कमरेत कळ उठली होती, तिच्याकडे लक्षही गेलं नाही. दप्तरं आवरा, मी म्हटलं, घरी चला.

जिन्यात हेडमास्तर आडवे आले. भर दुपारी वर्ग सोडलात, कुणाला विचारून? अशाने नोकरी राहायची नाही, बाई. आणि एवढं कारण तरी काय? खाली रस्त्यावर टांगेवाले माना वर करून बघत होते. माझ्यामागे सगळा वर्ग उभा होता.

"मुतायला," मी म्हटलं, आणि पोरींना घेऊन खाली उतरले.